माप आल्याची तारीख

बुधवार. सकाळचे आठ वाजून चाळीस मिनिटं झाली होती आणि दातवाल्या बाई मेणाच्या हिरडीत वरचा डावा सुळा बसवत होत्या. मेण गरम असेपर्यंतच दात हलतो. त्यामुळे एप्रनच्या खिशातला फोन वाजला तरी त्यांनी घेतला नाही. दुसऱ्यांदा वाजला तरी नाही. सुळा शेजारच्या दाताला लागला. एक डोळा मिटून त्यांनी तो खालून पाहिला आणि केसभर आत दाबला. तिसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा पॉलिशच्या मशीनवर बसलेली छकुली म्हणाली, "वहिनी, घे आता. नाहीतर तो माणूस इथे येऊन टपकेल आणि चहा पिऊन जाईल."

छकुली म्हणजे बाईंची नणंद. वय सत्तेचाळीस, वजन बाईंच्या दीडपट, पण घरात लहानपणी पडलेलं नाव काही सुटलं नव्हतं. लग्न मोडून ती भावाकडे परत आली त्याला एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून दुकानात पॉलिश तिच्याकडे आणि बाकी सगळं बाईंकडे. दुकान म्हणजे बारा बाय नऊची एक खोली, एक खिडकी, दोन टेबलं, पाणी उकळायची टाकी आणि मागे सामायिक बोळ. इथे कवळ्या होतात. दातांचे डॉक्टर रोग्याच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात, बाई त्यावरून कवळी करतात, आणि ती डॉक्टरांच्या हातून रोग्याच्या तोंडात जाते. रोग्याला बाईंचं नाव कधी कळत नाही. बाईंना मात्र आपलं काम रस्त्याच्या पलीकडूनही ओळखू येतं. म्हणजे येत असे. साथ आल्यापासून सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले, आणि गेल्या सात महिन्यांत त्यांनी स्वतःचं एकही काम चालताबोलताना पाहिलं नव्हतं.

फोन फॉर्ममास्तरांचा होता. कोपऱ्यावर झेरॉक्सच्या मशीनशेजारी संगणक टाकून ते लोकांचे सरकारी अर्ज भरत. साथीत ज्यांचे धंदे बसले त्यांना सरकार अनुदान देणार होतं. ते परत करायचं नव्हतं. बाईंचा अर्ज त्यांनीच भरला होता.

"बाई, बसलाय ना? अर्ज फेटाळला तुमचा."

"कधी?"

"चौदा दिवस झाले. मेसेज तुमच्या मिस्टरांच्या फोनवर गेलाय, नंबर त्यांचा दिला होता आपण. हरकत घ्यायला पंधरा दिवस देतात. आज पंधरावा. मदत कक्षाची खिडकी चारला बंद होते."

बाईंचे मिस्टर घरी होते. दुकान मुळात त्यांचं. बाईंना त्यांनीच शिकवलं, लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी, "घरात बसून काय करणार" म्हणून. अकरा वर्षांपूर्वी त्यांचे हात थरथरायला लागले. आधी दात बसवताना, मग कप धरताना. आता फोनची बटणंही नीट दाबली जात नाहीत, त्यामुळे आलेले मेसेज तसेच पडून राहतात. ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती. नंबर देताना मात्र दुकानाच्या मालकाचाच द्यायला हवा असं बाईंना वाटलं होतं.

मेणावर ओला कपडा टाकून बाई उठल्या.

कोपऱ्यावर फॉर्ममास्तरांनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. "वाचा. 'व्यवसायात घट आढळली नाही.' सरकारच्या मते तुम्ही साथीत गबर झालात."

"मी?"

"मागच्या वर्षी याच तीन महिन्यांत साठ कवळ्या. यंदा चव्वेचाळीस. नियम काय, तर निम्म्याहून कमी. तीसच्या आत. आणि पहिला महिना बघा. सव्वीस! दुकानं बंद, गाव बंद, आणि तुम्ही एका महिन्यात सव्वीस. आयुष्यात कधी केल्या होत्या?"

बाईंनी आठवून पाहिलं. नव्हत्या केल्या.

त्या सव्वीस कशा झाल्या हे त्यांना चांगलं माहीत होतं. बंद जाहीर झाला त्या दिवशी दुकानात सव्वीस कवळ्या अर्ध्या अवस्थेत होत्या. काही मेणात होत्या, काही डब्यात दाबलेल्या. यातल्या बऱ्याच लोकांचे उरलेसुरले दात डॉक्टरांनी आधीच काढून टाकले होते. दवाखाने बंद झाले आणि ही माणसं बोळक्या तोंडाने घरात अडकली. बाई आणि छकुली पास काढून दुकानात येत राहिल्या. कवळ्या पुऱ्या केल्या आणि घरोघर जाऊन उंबऱ्यावरून दिल्या. डॉक्टर फोनवरून सांगत, रोगी आरशात बघून बसवत. कुठे टोचत असेल तर बाई जिन्यात उभ्या राहून घासून देत. निम्म्या लोकांचे पैसे अजून आले नव्हते.

आणि प्रत्येक कवळी बसल्यावर त्यांनी वहीत नोंद केली, त्या दिवसाची तारीख घालून. दुकानाची रीतच तशी होती. मिस्टर पहिल्या दिवसापासून सांगत आले, कवळी तोंडात बसेपर्यंत काम झालं म्हणायचं नाही. तीस वर्षं वहीत तारीख पडली ती बसल्याची. माप कधी आलं, काम कधी घेतलं, हे वहीत कुठेच नव्हतं.

"आणि सरकार कोणती तारीख धरतं?" बाईंनी विचारलं.

"मागणी आल्याची. काम तुमच्याकडे आलं कधी, ती. ही सव्वीस कामं बंदच्या आधी आली असतील तर ती यात मोजायचीच नाहीत. चव्वेचाळीसातून सव्वीस गेले, उरले अठरा. तुम्ही पहिल्या फटक्यात बसता. फक्त पुरावा द्या."

"डॉक्टरांच्या चिठ्ठ्या असतात. पण त्या कवळीबरोबर परत जातात."

"पत्र देतील का ते?"

"देतील."

"चालणार नाही म्हणा," मास्तर खाली सरकवत वाचत म्हणाले. "हितसंबंधी व्यक्तीचं पत्र ग्राह्य नाही. 'मागणीच्या तारखेचा मूळ पुरावा, लेखी किंवा वस्तुरूप.'" त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "बाई, नाहीच जमलं तर कर्ज आहे. आपत्ती कर्ज. व्याज कमी, मुदत सात वर्षं, त्यात एवढं खोदकाम नाही. घराचे कागद तेवढे ठेवावे लागतील."

पाणी उकळायची टाकी आणि पॉलिशचं मशीन कर्जावर आलं होतं, ते फिटायला नऊ वर्षं लागली होती. त्यातल्या सातव्या वर्षी मिस्टरांचे हात गेले. त्या कर्जात घर नव्हतं, फक्त मशीन होतं, तरी शेवटची दोन वर्षं कशी काढली ते दोघी नणंद-भावजयींनाच माहीत. घर ठेवायचं नाही, असं त्यांचं ठरलेलं होतं. आणि अनुदान नाही मिळालं तर खोली सोडायची, हेही. खोलीचा मालक भला माणूस होता, पण सात महिने भाड्याशिवाय थांबला होता. या महिन्याच्या अखेरीपर्यंत, असं त्याने सांगितलं होतं, तेही हात जोडून.

दुकानात परत येईपर्यंत त्यांच्या डोक्यात एकच शब्द घोळत होता. वस्तुरूप.

"छकुले, बोळातली पोती आहेत का अजून?"

"जाणार कुठे? पोती न्यायला गवंडी यायचा बंद झाला तो झालाच. का?"

कवळीला दोन साचे लागतात. पहिल्या मापात प्लास्टर ओतून जबड्याचा एक ढोबळ साचा करतात. त्यावरून दुसरं, नेमकं माप घेतलं जातं आणि दुसरा साचा होतो. दुसरा साचा कवळी काढताना फुटतो. पहिला तसाच राहतो, आणि कामाचा नसल्याने पोत्यात जातो. एरवी दर महिन्याला एक गवंडी ती पोती भरावासाठी घेऊन जायचा. साथीत त्याचंही काम थांबलं. आणि त्या पहिल्या साच्याच्या टाचेवर, प्लास्टर ओलं असताना, बाई सुरीच्या टोकाने दोन गोष्टी कोरत: रोग्याच्या आडनावाचं पहिलं अक्षर आणि माप आल्याची तारीख.

दोघींनी चार पोती बोळात उपडी केली. सकाळी साडेदहा ते दुपारी दीड, तीन तास त्या प्लास्टरच्या जबड्यांमध्ये उकिडव्या बसून होत्या. वरचे, खालचे, अर्धे, टाच उडालेले. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी खिडकीतून वाकून पाहिलं आणि विचारलं, "काय हरवलं का?"

"दात," छकुली म्हणाली. "तुमचे आहेत का जाग्यावर?"

आजोबांनी खिडकी लावून घेतली.

पोती पावसात भिजली होती. खालच्या थरातले साचे विरघळून गुळगुळीत झाले होते. ज्यांच्यावर अक्षर होतं त्यांची तारीख गेलेली, तारीख होती त्यांचं अक्षर तुटलेलं. जुळलेले साचे बाई वहीतल्या नोंदींशी ताडून एका ट्रेमध्ये ओळीने लावत होत्या. एक वाजेपर्यंत अकरा झाले. मग अर्धा तास काहीच नाही. मग पाठोपाठ दोन.

"तेरा," बाई म्हणाल्या.

"किती हवेत?"

"पंधरा. चव्वेचाळीसातून पंधरा गेले की एकोणतीस. तेरा गेले की एकतीस."

"म्हणजे दोन कवळ्यांसाठी..."

"हो."

छकुली भिंतीला टेकून बसली. तिचे केस, भुवया, मास्क सगळं पांढरं झालं होतं. "घड्याळवाल्याचं माप मला आठवतंय," ती म्हणाली. "अठरा तारीख. त्या दिवशी दादाला ताप होता, मी एकटीच होते, डॉक्टरांचा माणूस माप देऊन गेला. आणि शाळेतल्या शिपाईणबाईंचं त्याच्या दुसऱ्या दिवशी. दोन्ही बंदच्या आधी. त्यांचे साचे असतील यातच कुठेतरी, चेहरा गेलेले."

"असतील. पण तारीख नाही त्यांच्यावर."

"तुला माहीत आहे ना आधीचे आहेत ते?"

"मला माहीत असून काय उपयोग. मी हितसंबंधी."

बाई उठल्या. त्यांनी ठरवलं होतं: तेरा घेऊन जायचं, उरलेल्यांसाठी खिडकीवर दाताच्या कण्या करायच्या. माणूसच असतो शेवटी पलीकडे. जायच्या आधी घरी जाऊन मिस्टरांना दुपारची गोळी द्यायची होती आणि त्यांच्या नावावरचं नोंदणीपत्र आणायचं होतं. "ट्रे नीट बांध," त्या म्हणाल्या. "मधे कागद घाल, एकमेकांवर घासू देऊ नकोस. मी अडीचला येते."

त्या अडीचला आल्या तेव्हा ट्रे जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून, सुतळीने बांधून तयार होता. छकुलीने तोंड धुतलं होतं. "मी येऊ?" तिने विचारलं. आत एकालाच सोडतात, असं बाईंनी सांगितलं आणि रिक्षा केली. प्लास्टरचे ठिसूळ जबडे मांडीवर घेऊन बसमध्ये बसणं शक्य नव्हतं.

मदत कक्ष एका शाळेच्या व्यायामशाळेत होता. जमिनीवर पांढऱ्या रंगाने गोल काढलेले, प्रत्येक गोलात एक माणूस. बाईंच्या पुढे सायकलवाला होता, त्याच्या पुढे केस कापणारे दोघे भाऊ, एकाच अर्जावरून एकमेकांशी कुजबुजत भांडणारे. तीन वाजून पस्तीस मिनिटांनी बाई खिडकीशी पोचल्या. प्लास्टिकच्या पडद्यामागे पन्नाशीचा कारकून होता, डोळे तांबारलेले.

बाईंनी टॉवेल सोडला. कारकुनाने खुर्ची मागे सरकवली.

"हे काय आहे?"

"साचे. लोकांच्या जबड्यांचे. मागणीच्या तारखेचा पुरावा, वस्तुरूप."

"सकाळपासून लोक इथे रडून दाखवताहेत," तो म्हणाला. "दात दाखवणाऱ्या तुम्ही पहिल्या." पण त्याने नियमाचा कागद काढला, बोट ठेवून वाचला, आणि शेजारच्या टेबलावरच्या कारकूनबाईंना विचारलं. त्यांनीही वाचला. चालेल, असं ठरलं. मग तो फोन घेऊन पडद्याबाहेर आला आणि एकेका साच्याच्या टाचेचा फोटो काढू लागला. प्रत्येकाची तारीख मोठ्याने वाचायची, वहीतल्या नोंदीसमोर बाईंनी बोट ठेवायचं, त्याने टिक करायची.

"अकरा. बारा. तेरा."

बाई वही मिटणार होत्या.

"चौदा," कारकून म्हणाला. "अठरा तारीख. कोण हे?"

ट्रेच्या शेवटच्या ओळीत, कागदाच्या बोळ्याखाली, आणखी दोन साचे होते.

लांबून पाहिलं असतं तरी बाईंना कळलं असतं. ओल्या प्लास्टरवर सुरी फिरली की कडेला बारीक गोल ओठ उठतो, आणि वाळल्यावर तो तसाच राहतो. सुक्या प्लास्टरवर कोरलं की कड चुरते. या दोन्हींच्या कडा चुरलेल्या होत्या. त्यावर पॉलिशची राखाडी माती चोळून रेघा जुन्या केल्या होत्या. चोळण्याचं काम चांगलं होतं, हात त्यातलाच होता. कोरणं मात्र जमलेलं नव्हतं. आठचं पोट सुटलं होतं.

"बाई? चौदा नंबर?"

मागच्या गोलातला माणूस खाकरला. भिंतीवरच्या घड्याळात चारला बारा मिनिटं कमी होती.

बाईंनी वहीतल्या घड्याळवाल्याच्या नावावर बोट ठेवलं.

"पंधरा. एकोणीस."

त्यांनी शिपाईणबाईंच्या नावावर बोट ठेवलं.

"या तारखा तुम्हीच घालता?" कारकुनाने विचारलं. त्यात संशय नव्हता. पुढच्या रकान्यात लिहायचं होतं म्हणून विचारलेलं होतं.

"दुकानात घालतो आम्ही," बाई म्हणाल्या. "माप आलं की."

त्याने लिहून घेतलं. चव्वेचाळीस वजा पंधरा. गणकयंत्रावरही करून पाहिलं. एकोणतीस. "बसताय," तो म्हणाला. "अनुदानात बसताय. इथे सही. वरील पुरावा खरा आहे." बाईंनी सही केली. त्यांचा हात एरवीसारखाच स्थिर होता. त्या हाताकडे त्यांनी जरा वेळ पाहिलं. पोच देताना कारकून म्हणाला, "साचे जपून ठेवा. पडताळणीला माणूस येईल, मूळ वस्तू बघायला. यादी छोटी आहे, उद्याच येईल. दहाला."

परतीच्या वाटेवर रिक्षावाल्याने विचारलं, ट्रेमध्ये काय आहे. बाई म्हणाल्या, भांडी.

दुकानात छकुली मशीनवर होती. ती मान वर न करता म्हणाली, "काय झालं?"

"बसलं."

मशीन बंद झालं. "मिळणार?"

"पडताळणी झाली की." बाईंनी ट्रे टेबलावर ठेवला, टॉवेल काढला आणि ते दोन साचे वेगळे करून तिच्यासमोर मांडले. "कुणाचे जबडे आहेत हे?"

"काय माहीत. तारीख गेलेल्यांतले घेतले."

"घड्याळवाल्याला वर डावीकडे हाड पुढे आहे. याला नाही."

"ते त्या माणसाला कळणार आहे का?"

"नाही."

"मग?" छकुलीने मास्क खाली ओढला. तिचा आवाज चढला होता. "अठराला माप आलं होतं की नाही? सांग. मी स्वतः घेतलं होतं. खोटं काय लिहिलंय मी त्याच्यावर?"

"काही नाही."

"मग तुझा चेहरा असा का? त्या खिडकीवर तू हो म्हणालीस ना?"

"म्हणाले."

"मी नाही सांगितलं तुला. मुद्दाम नाही सांगितलं. म्हटलं तुला खोटं बोलावं लागू नये."

"चांगलं केलंस," बाई म्हणाल्या. हे त्या कोणत्या अर्थाने म्हणाल्या ते छकुलीला कळलं नाही, आणि तिने विचारलंही नाही. थोड्या वेळाने ती एवढंच म्हणाली, "दादाला सांगणार आहेस?"

"तो बघायला मागेल. त्याला एका नजरेत कळेल."

बाहेर पोलिसांची गाडी भोंग्यावरून सांगत गेली, सहानंतर दुकानं बंद, सहानंतर दुकानं बंद. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. बाईंनी दोन्ही साचे खिडकीशी नेले, उजेडात धरले, टाचेवरून अंगठा फिरवला. कड अंगठ्याला लागून आणखी थोडी चुरली.

मग त्यांनी रबरी वाटीत पाणी घेतलं आणि साचे त्यात बुडवले. सुकं प्लास्टर पाणी पितं. बुडबुडे येत राहतात, आणि ते थांबले की प्लास्टर पुन्हा थोडं मऊ होतं, वरच्या वर, नखाएवढं. बाई बुडबुडे थांबेपर्यंत उभ्या राहिल्या. ड्रॉवरमधून आपली सुरी काढली. चष्मा बदलला.

"काय करतेस?" छकुली म्हणाली.

"हा आठ आहे का? माझा आठ असा असतो?"

"वहिनी, त्याने फोटो काढलेत."

"फोटोत आकडा दिसतो. कड दिसत नाही." त्यांनी पहिला साचा डाव्या तळहातावर घेतला, कोपर टेबलाला टेकवलं आणि छकुलीच्या रेघांतूनच सुरीचं टोक फिरवलं. एक. मग आठ, एका दमात, पोट आत घेत. ओलसर भुगा फुंकून काढला. साचा उजेडात धरून एक डोळा मिटून पाहिला, आणि दुसरा घेतला.

छकुलीने उठून उरलेले तेरा साचे फळीवर ओळीने लावायला घेतले. मधे कुठेतरी दोन जागा मोकळ्या ठेवल्या.

"तिथे नको," बाई म्हणाल्या. "तारखेप्रमाणे लाव."

साडेपाचला त्यांनी सकाळच्या मेणावरचा ओला कपडा काढला. सुळा सुटला नव्हता, पण मेण गार होऊन घट्ट झालं होतं. पुढचे दोन दात बसवायला ते पुन्हा गरम करावं लागणार होतं, आणि सहाला दुकान बंद करायचं होतं. त्यांनी कपडा परत टाकला.

दुकान रोज साडेआठला उघडतं. उद्या गुरुवार. डब्यात दाबून ठेवलेली एक खालची कवळी सकाळी आल्याआल्या टाकीत टाकायची आहे. ती दीड तास उकळावी लागते, म्हणजे ती दहाला बाहेर निघेल.